व्याह्याच्या दारात थांबायचं म्हणून

नानासाहेबांची मोटार कडब्याच्या गंजीत घुसून थांबायची, हे पिंपळे गुरवात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सत्तेचाळीस साली एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा नानासाहेबांनी खडकीहून ती आणली होती. लहानशी, काळी, वर ताडपत्रीचं छत. आली तेव्हा तिला ब्रेक होते. पुढं दोन पावसाळे ती गोठ्याशेजारच्या पडवीत नुसती उभी राहिली, मागच्या सीटवर कोंबड्या खुडूक बसल्या. पुन्हा बाहेर काढली तेव्हा पेडल दाबलं की पाय चिखलात जावा तसा तळाशी जाई आणि मोटार चालतच राही. हातब्रेकची तार तर त्याच्याही आधी तुटलेली.

नानासाहेबांनी त्यावर आपला तोडगा काढला. अंगणाच्या टोकाला गंजी रचायची, ती पुढून उतरती ठेवायची आणि गावातून येताना वेग कमी करत करत मोटार तिच्यात अलगद घालायची. शेजारीच बैल बांधलेले असत. मोटार आली की ते एकदा मान वर करून बघत आणि पुन्हा रवंथाला लागत. बाहेर कुठं जायचं असलं की नानासाहेब बैलगाडीच्याच वेगानं, भोंगा वाजवत जात. मुक्काम जवळ आला की इंजिन बंद करत आणि मग मोटार आपल्या मर्जीनं पुढं कुठंतरी उभी राही. तिथून ते चालत मागं येत. कुणी विचारलंच तर मोटार ठणठणीत आहे, आपण पायांना व्यायाम म्हणून लांब उभी करतो, असं सांगत.

सगळं बरं चाललं होतं. पण छप्पन्न साली त्यांच्या सोजराचं लग्न झालं आणि तिला निघोज्यात दिलं.

निघोजे म्हणजे चाकणच्या अलीकडचं गाव. तिथले कोंडाजी हे सोजराचे सासरे. घर मोठं, माणूस मानी. पहिल्या पंचमीला लेकीला आणायला नानासाहेब मोटारीनं येणार असा निरोप गेल्यामुळं कोंडाजींनी नवा फेटा बांधला, दारात सडा घातला, मंजुळाबाई म्हणजे सोजराची सासू ओवाळायला ताट घेऊन उभी राहिली. गावातली दहा-वीस माणसंही जमली. कोंडाजींचं घर नेमकं उतारावर. मोटार आली. नानासाहेबांनी इंजिन बंद केलं, पेडल दाबलं, काही झालं नाही. तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडून व्याह्यांना नमस्कार केला आणि ते दारावरून पुढं निघून गेले.

मोटार गावाबाहेर एका नांगरलेल्या रानात जाऊन थांबली. नानासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. चालत परत जावं तर काय सांगायचं? म्हणून त्यांनी मोटार वळवली आणि पुन्हा गावाकडं आणली. आता वाट चढाची, म्हणून त्यांनी जोर थोडा जास्त धरला. तो फारच जास्त झाला. दुसऱ्यांदा हात जोडून ते विरुद्ध दिशेनं दारावरून गेले, ते थेट पिंपळे गुरवात आपल्या गंजीत आले.

कोंडाजींनी मग कुणाकरवी कळवलं की माणूस एकदा पुढं गेला तर विसरला असं म्हणू. दोनदा गेला आणि दोन्ही वेळेला हात जोडून गेला, याला आमच्यात पाणउतारा म्हणतात. सोजरा काही पंचमीला आली नाही. दिवाळीला आली नाही. संक्रांतीलाही नाही. नानासाहेब खरं कारण सांगायला तयार नव्हते, कारण मोटार ठणठणीत आहे हे त्यांनी पंचक्रोशीत इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ते मागं घेणं अवघड होतं.

नानासाहेबांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत रंगराव नावाचा बिऱ्हाडकरू राहत होता. मूळचा बार्शीकडचा. तिकडं जिनिंग मिलमध्ये होता, नंतर पिंपरीला औषधांचा कारखाना निघाल्यावर इथं फिटर म्हणून लागला. वाफेच्या आणि पाण्याच्या नळांचं काम. त्याची बायको यशोदाबाई आणि नानासाहेबांच्या सुभद्राबाई रोज विहिरीवर एकत्र असत. तिथं एके दिवशी सुभद्राबाईंनी डोळ्याला पदर लावून पंचमीची सगळी हकिकत खरीखरी सांगून टाकली. यशोदाबाईंना फार वाईट वाटलं आणि त्या बोलून गेल्या, की आमचे हे एवढाल्या वाफेला अडवतात, तिथं एक मोटार अडवायला काय लागतंय.

रंगरावला हे संध्याकाळी कळलं. त्यानं आयुष्यात मोटारीला हात लावला नव्हता. पण बायकोनं विहिरीवर दिलेला शब्द म्हणजे गावात दवंडी दिल्यासारखंच होतं.

नानासाहेबांना विचारायचं कसं हाही प्रश्नच होता. सुभद्राबाईंनी तो सोडवला. फिटरला मोटारीचं काम शिकायचं आहे, आपली मोटार चांगली आहे म्हणून शिकायला तीच बरी, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नानासाहेबांनी थोडा विचार केला. म्हणाले, "शिकायचं आसंल तर शिकू द्या. आमची ना न्हाई. पर गाडीत दोष कायबी न्हाई, ह्ये त्यांना आधी सांगा."

रविवारी रंगराव कामाला लागला. चारी चाकं उतरवली. आतले लोखंडी डबे, त्यांना ड्रम म्हणतात, ते ठोकून ठोकून बाहेर काढले. एकात उंदरानं कापसाचं घर केलं होतं. सीटखाली कोंबडीचं एक अंडं सापडलं, किती सालचं ते कोंबडीलाच ठाऊक. रंगरावनं ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, श्वास रोखून, पावलं मोजत नदीपर्यंत नेलं आणि पाण्यात सोडलं.

बाकी यंत्र मात्र त्याला चटकन कळलं. पेडलच्या खाली फळीआड एक पिचकारी होती, होळीच्या पिचकारीसारखीच, फक्त लोखंडाची. पेडल दाबलं की ती तेल ढकलणार, तेल नळ्यांतून चारी चाकांकडं जाणार आणि प्रत्येक चाकात आणखी एक बारकी पिचकारी होती, ती ब्रेकच्या दोन पट्ट्या ड्रमला आतून चिकटवणार. पिचकाऱ्यांतली रबरं वाळलेल्या आमसुलासारखी झाली होती, एवढाच सगळा प्रकार. नळ आणि गळती हे तर त्याचं रोजचंच काम. त्याला एकदम उत्साह आला. यशोदाबाईंची पितळी परात त्यानं मागून घेतली आणि तीत सगळे भाग स्पिरिटनं धुवायला टाकले. त्यानंतरचे तीन आठवडे यशोदाबाई सुपात भाकरी थापत होत्या. पुढं कितीतरी दिवस त्यांना तांदूळ निवडताना एखादी स्प्रिंग सापडे. ती त्या कोनाड्यात ठेवत.

नवी रबरं, पट्ट्या आणि ब्रेकच्या तेलाचा डबा रंगराव पुण्याला भवानी पेठेत जाऊन घेऊन आला. डबा त्यानं ओसरीवर ठेवला आणि कारखान्यात पाळीला गेला. त्या काळात ब्रेकचं तेल एरंडेल आणि स्पिरिट मिळून करत. त्याचा वास सुभद्राबाईंना आला. त्यांना वाटलं, फिटरनं आपल्या गुडघ्यांसाठी औषध आणलं. कारखाना औषधांचाच होता, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. त्यांनी दुपारी ते चोळलं, गुडघ्यांना गार गार वाटलं आणि मग ऊब आली. चार वाजेपर्यंत आळीतल्या सात बायका वाट्या घेऊन आल्या. रंगराव परतला तेव्हा डब्याच्या तळाशी बोटभर तेल होतं आणि सगळ्या आळीला मोटारीचा वास येत होता.

त्यानं दुसरा डबा आणला. तो मात्र त्यानं खोलीत पेटीत ठेवून कुलूप लावलं. बायका त्यानंतरही बरेच दिवस त्याच्याकडं आदरानं बघत होत्या.

तिसऱ्या रविवारी सगळं जोडून झालं. आता राहिलं हवा काढायचं. नळ्यांत तेल भरताना हवा आत राहते, आणि हवा राहिली की पेडल मऊच लागतं. त्यासाठी प्रत्येक चाकाशी एक छोटा पेच असतो. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली तो पेच सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात, मग पेच घट्ट करायचा आणि त्यानंतरच वरच्यानं पाय उचलायचा. पेच उघडा असताना पाय उचलला तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. म्हणजे दोघांचं एकमेकांशी जमणं महत्त्वाचं.

वर कोण बसणार यात चर्चाच नव्हती. नानासाहेबांच्या मोटारीत वळवायच्या चाकापाशी नानासाहेबच बसत. ते फेटा बांधून बसले. यशोदाबाई पुढच्या फळीशी वाटी घेऊन बसल्या, पिचकारीतलं तेल कमी होईल तसं ओतायला. रंगराव मागच्या चाकाखाली पालथा पडला. गंजीजवळ आळीतली माणसं बघायला उभी राहिली, त्यात गुडघ्यांच्या बायकाही होत्या.

रंगराव म्हणाला, "दाबा." नानासाहेबांनी दाबलं. त्यानं पेच उघडला, बुडबुडे आले, त्यानं पेच बंद केला आणि म्हणाला, "सोडा." मग पुन्हा, "दाबा."

चौथ्यांदा दाबा म्हटल्यावर नानासाहेबांनी खाली वाकून विचारलं की हे किती वेळ चालायचं. रंगरावनं सांगितलं, चाकामागं वीस-पंचवीस वेळा. नानासाहेब ताठ झाले. आपल्याच अंगणात, आपल्याच मोटारीत, सगळ्या गावादेखत बिऱ्हाडकरू आपल्याला शंभर वेळा दाबा आणि सोडा म्हणणार, आपण काय लोहाराचा भाता आहोत का, असं ते बोलले. बोलताना पाय उचलला गेला. खाली पेच उघडाच होता. नळी सूंऽ करून हवा प्यायली.

रंगरावनं माफी मागितली आणि तो अदबीनं बोलू लागला. "नानासाहेब, आपल्याला सवड असेल तर पेडल दाबावं." हे चाललं. पुढचं मात्र जमेना. "नानासाहेब, मी पेच बंद करेपर्यंत आपण कृपा करून पाय" इतकं म्हणेपर्यंत नानासाहेबांनी पाय उचललेला असे, कारण पाय हा शब्द आला म्हणजे आता उचलायचा, असा त्यांचा समज झाला होता. अदब जितकी वाढली तितकी हवाही वाढली. दुपारपर्यंत नळ्यांत सकाळपेक्षा जास्त हवा होती. यशोदाबाईंनी अर्धा डबा ओतला होता.

शेवटी सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "तुमीच का न्हाई खाली जात? हुकूम सोडायला तुमच्यावानी दुसरं कोन हाय गावात?"

नानासाहेबांनी फेटा काढून समोरच्या चाकावर ठेवला, धोतर खोचलं आणि ते मोटारीखाली गेले. रंगरावनं त्यांना पेच दाखवला, हातात पाना दिला आणि तो वर जाऊन बसला.

नानासाहेबांचा पहिला "दाब" पवना नदीच्या पलीकडं ऐकू गेला असावा. रंगरावनं दाबलं. "सोड." सोडलं. सगळं चोख. पेच उघडायला, बुडबुडे बघायला आणि पेच बंद करून हुकूम सोडायला नानासाहेबांची जन्मजात लायकी होती. चाळीस वर्षं बैल, गडी आणि नदीचं पाणी यांना हुकूम सोडून घसा तयार झाला होता. एकेका चाकाला वीस पुरेत असं रंगराव सांगत होता, पण नानासाहेबांनी प्रत्येकाला साठ दिले. बुडबुडे केव्हाच थांबले होते. बाहेर आले तेव्हा मिशीतून तेल गळत होतं आणि इतके खूश ते सोजराच्या लग्नातही दिसले नव्हते.

लगेच चाचणी झाली. नानासाहेब गावाला वळसा घालून आले, अंगणात शिरले, आणि पेडल दाबलं. मोटार गंजीपासून चार हातांवर जागच्या जागी उभी राहिली. दोन्ही बैल दचकून उठले. इतक्या वर्षांत मोटारीला बघून ते पहिल्यांदाच उठले होते.

एकच गोष्ट नानासाहेबांना खटकली. पेडल सुरुवातीला बोटभर नुसतंच हलत होतं, मग घट्ट लागत होतं. रंगरावनं समजावलं की ती ढील मुद्दाम ठेवलेली आहे. पाय काढल्यावर तेलाला माघारी यायला पिचकारीत एक बारीक भोक असतं, ढील नसली तर ते झाकलेलं राहतं. नानासाहेबांनी मान डोलावली. पण ढिलं काम त्यांना आयुष्यात कधी चाललं नव्हतं. रंगराव पाळीला गेल्यावर त्यांनी स्वतः फळी उचलली आणि पेडलचा दांडा पिळून सगळी ढील काढून टाकली.

पुढच्या रविवारी सकाळी ते निघोज्याला निघाले. नानासाहेब, शेजारी सुभद्राबाई, मागं कुरडयांच्या टोपलीबरोबर रंगराव. त्याला यायचं नव्हतं, पण फिटर आपल्या मोटारीवर काम शिकला, याचा तो नानासाहेबांच्या लेखी पुरावा होता.

ब्रेक असलेली मोटार चालवणं नानासाहेबांना आता नव्यासारखंच होतं आणि ते त्यांना फार आवडलं. कासारवाडीत एका कोंबडीसाठी थांबले. भोसरीत ओळखीच्या माणसासाठी थांबले, मग अनोळखी माणसासाठी थांबले. पुढं एका म्हशीला आधी जाऊ दिलं, तिचा रस्त्यावर यायचा विचारही नव्हता. मोशीच्या पुढं रंगरावला जळका वास आला. मोटारही जड ओढत होती. त्यानं पेडलची ढील कुणी कमी तर केली नाही ना, असं विचारलं. नानासाहेबांनी ते ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकायचं नव्हतं. मोटार जड झाली ती कुरडयांमुळं, असं त्यांचं मत पडलं.

निघोज्यात शिरेपर्यंत मोटार माणसाच्या चालीनं चालली होती आणि इंजिन कण्हत होतं. कोंडाजी ओट्यावर बसले होते. मोटारीचा आवाज लांबून ओळखून त्यांनी आधीच भिंतीकडं तोंड केलं होतं, नमस्कार बघायला लागू नये म्हणून. उतार होता, तरी मोटार आणखी आणखी हळू झाली, आणि नानासाहेबांनी पेडलला पाय लावायच्या आतच नेमकी दारासमोर, उंबऱ्याच्या रेषेत, आपण होऊन थांबली.

नानासाहेबांनी खाली आपल्या पायाकडं पाहिलं. पाय पेडलवर नव्हता. मग त्यांनी वर पाहिलं आणि चेहरा ठीक केला.

आवाज पुढं गेला नाही म्हणून कोंडाजींनी मान वळवली. मोटार दारातच होती.

"थांबलात?" ते म्हणाले.

"थांबलो."

"चुकून न्हाई नव्हं?"

"तुमच्या दारात थांबायचं म्हनून तर घरनं निघालो," नानासाहेब म्हणाले, आणि हे खरंच होतं.

आत बोलावणं झालं, पाणी झालं, चहा झाला. पण सगळं कोरडं. कोंडाजी मोजकं बोलत होते. लेकीला पाठवायचं का, या विषयाकडं ते हवापाण्यावरून बोलणं येऊच देईनात. तासाभरानं नानासाहेब उठले. मान राखून निघावं हे बरं, असं त्यांना वाटलं. मोटार सुरू झाली, पण हलेना. चार माणसांनी ढकलली, हलेना. कोंडाजींच्या भुवया वर गेल्या.

रंगराव मोटारीखाली शिरला. ड्रमना हात लावला तर चटका बसला. झालं काय ते त्याला लगेच कळलं. ढील काढलेली, भोक झाकलेलं, थांबत थांबत आल्यामुळं तेल तापून फुगलं आणि माघारी यायला वाट नाही, म्हणून चारी ब्रेक आपोआप दाबले जाऊन बसले. एक पेच पाव फेरा सैल केला असता तर पिचकारीभर तेल उडून मोटार तिथल्या तिथं मोकळी झाली असती. पाना त्याच्या खिशातच होता.

इतक्यात सोजरा त्याला पाणी द्यायला आली. तांब्या खाली ठेवून ती चाकाशी उकिडवी बसली आणि हळू आवाजात विचारलं, "हे लगेच दुरुस्त व्हईल का वो दादा?"

रंगरावनं विचारलं की तुमचं काय म्हणणं आहे.

"माझं काय म्हननं आसनार," ती म्हणाली. "पर आईनं कुरडया आनल्यात. तळून खायाला तरी दोन दिवस पायजेत."

रंगरावनं पाना खिशात आणखी खोल ढकलला. बाहेर येऊन त्यानं हात पुसले आणि सगळ्यांना गंभीरपणे सांगितलं, की तेल बसलं आहे. ते आपण होऊन उठेपर्यंत गाडीला कुणी हात लावू नये. तीन दिवस तरी लागतील.

पाहुण्याला जा म्हणायचं नाही, आणि जाता येत नाही अशा पाहुण्याला तर मुळीच नाही. कोंडाजींनी अंथरुणं घालायला सांगितली. रंगरावनं कुरुळीच्या फाट्यावर पुण्याकडं कांदे घेऊन निघालेल्या एका ट्रकवाल्याबरोबर यशोदाबाईंना निरोप धाडला. तो त्यांना पोचला, पण ट्रकवाल्यानं आपल्या समजुतीनं तो असा सांगितला की तुमचे मालक निघोज्यात तेलाशेजारी बसले आहेत आणि तेल उठेपर्यंत येणार नाहीत.

पहिल्या दिवशी दोघे व्याही एकाच ओट्यावर दोन दिशांना तोंडं करून बसले. आत मात्र सुभद्राबाई, मंजुळाबाई आणि सोजरा यांची कढई चढली होती. कुरडयांचा वास बाहेर येऊ लागल्यावर तोंडं थोडी थोडी वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि आत बसून बघितलं तर चालेल का, असं त्यांनी सहज म्हणून विचारलं. नानासाहेबांनी त्यांना चाकापाशी बसवलं. त्या जागेवर दुसरं कुणी त्यांनी आपखुशीनं बसवल्याचं हे पहिलंच उदाहरण. कोंडाजींनी भोंगा वाजवला. मग पुन्हा वाजवला. जागच्या जागी चाक फिरवत दोघं तासभर बसले, कोंडाजी वळणावर कलंडतही होते. गावातली माणसं जमून त्यांना कुठवर आलात असं विचारत होती. चाकण गेलं, असं कोंडाजींनी सांगितलं.

राजगुरूनगरच्या आसपास कोंडाजींनी चाक सोडलं आणि मनातलं विचारलं. पंचमीला दोनदा दारावरून का गेलात?

नानासाहेब काचेतून समोर बघत म्हणाले, "ब्रेक न्हवतं."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हवतंच. सात वर्सं."

मग घरी कसे थांबता, असं कोंडाजींनी विचारलं. कडब्यात, असं उत्तर आल्यावर त्यांचे खांदे हलू लागले आणि मग ते इतके हसले की चाकाला धरून बसावं लागलं. कपाळ भोंग्यावर टेकलं आणि भोंगा वाजतच राहिला. मंजुळाबाई काय झालं म्हणून धावत बाहेर आल्या.

"आवं, मग वरडायचं की," कोंडाजी डोळे पुसत म्हणाले. "हात कशाला जोडत बसलात? आमी गाडा आडवा घातला आसता."

नानासाहेब म्हणाले की दुसरं काही सुचलं नाही. हात मोकळे होते, ते जोडले.

त्यानंतर लेकीला पाठवायचं का, हा प्रश्नच राहिला नाही. कधी निघायचं एवढंच ठरायचं होतं.

बुधवारी सकाळी रंगराव फळी उचलून बसला, दांडा उलटा पिळला आणि बोटभर ढील पुन्हा आणली. तेल उठलं, असं त्यानं जाहीर केलं. कोंडाजींनी स्वतः मोटारीला हळद-कुंकू लावलं. सोजरा मागं बसली, तिच्या मांडीवर आता रिकामी टोपली होती आणि टोपलीत मंजुळाबाईंनी दिलेल्या शेंगा.

इंद्रायणीच्या पुलाअलीकडं रंगरावला राहवेना. त्यानं घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं. तेल बसत नाही, उठत नाही. मोटार रविवारीच मिनिटभरात सुटली असती. आपण खोटं बोललो, त्याबद्दल माफी असावी.

नानासाहेबांनी उगाच एकदा भोंगा वाजवला. मग म्हणाले, "सोमवारी पहाटं मी गाडीला टेकून हुबा ऱ्हायलो तर हातभर पुढं गेली. गार झाल्याव सुटलीच व्हती. कुनी बघायच्या आत मागं लोटली आन् चाकाखाली धोंडा सारला."

मागून सोजराला हसू आवरेना. तिनं सांगितलं की मामंजींनीही मंगळवारी तेच केलं होतं. गाडी सरकते हे व्याह्यांना कळू देऊ नका, नाहीतर ते आजच निघतील, असं त्यांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं.

सुभद्राबाई एकदम सरळ झाल्या. "म्हंजे ह्ये समद्यांना ठावं व्हतं?" त्या म्हणाल्या. "आन् म्या येकटीनं मोटार सुटावी म्हनून म्हसोबाला नारळ बोललाय."

नानासाहेबांनी हळूच विचारलं की मग आता काय करायचं. बोललेला नारळ दिलाच पाहिजे, असं सुभद्राबाईंनी ठणकावलं. देवाचा यात काही दोष नाही. मोशीजवळ रस्त्याच्या कडेला पिंपळाखाली म्हसोबा आहे, तिथं थांबवा.

नानासाहेबांनी पुलाच्या पलीकडं मोटार थांबवली. नारळ मात्र कुणाकडंच नव्हता, म्हणून नानासाहेब तो आणायला गावात गेले. तोवर सुभद्राबाई चपला काढून नदीत गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. आजवर इथून किती वेळा गेले, पण या पाण्याला पाय लावायला कधी मिळालं नाही, असं त्या सोजराला सांगत होत्या. सोजरा शेजारी येऊन उभी राहिली. रंगरावला दुपारच्या पाळीला पोचायचं होतं आणि सूर्य डोक्यावर येत होता. त्यानं एकदा रस्त्याकडं पाहिलं, नानासाहेब कुठं दिसत नव्हते. मग तोही काठावर बसला आणि टोपलीतल्या शेंगा फोडू लागला.